शेकण्याआधी पाय तपासा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडून घराकडे चालू लागलात की फिजिओथेरपीच्या दोन-तीन पाट्या वाटेत लागतातच. आत जाणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "मशीन लावणार ना?" कंबर धरली असेल किंवा खांदा आखडला असेल तर या प्रश्नाने फारसं बिघडत नाही. पण पायाला जखम आहे, महिना होत आला तरी भरत नाही आणि तरीही माणूस मशीनच शोधतोय, तेव्हा त्याला थांबवायला हवं.

उष्णता, थंडावा, पाणी, वीज, ध्वनिलहरी, प्रकाश आणि दाब ही पुनर्वसन उपचारांतली भौतिक साधनं. गरम पॅक, मेणाचा शेक, टेन्स आणि आयएफटी ही विजेची मशीनं, जेल लावून फिरवतात ते अल्ट्रासाउंड, लेझर ही सगळी याच कुळातली. योग्य जागी वापरली तर ती खरोखर उपयोगी पडतात. मात्र जखम भरून काढण्याचं काम शरीराचं असतं. शरीराच्या वाटेतला अडथळा दूर झाला नसेल, तर दहा हजारांचं पॅकेज घेऊनही जखम तिथेच राहते. म्हणून कुठल्याही मशीनआधी चार प्रश्नांची उत्तरं मिळवा. जखमेवर सतत दाब पडतोय का? तिथवर पुरेसं रक्त पोहोचतंय का? साखर आटोक्यात आहे का? आत जंतुसंसर्ग आहे का? आणि या चौघांच्याही आधी पाचवा प्रश्न: त्या भागाला स्पर्श कळतो का?

हा पाचवा प्रश्न आपल्या घरांत कुणी विचारत नाही. दिवसभर उभ्याने काम, मग लोकलमध्ये पुन्हा उभं राहून प्रवास, आणि घरी आल्यावर बादलीत गरम पाणी, मूठभर मीठ, त्यात पाय. निरोगी पायांना त्याने बरं वाटतं. पण दहा-पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातल्या संवेदना हळूहळू कमी झालेल्या असतात, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं. पाणी चटका देतंय हा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते, आणि आपले गीझर सहज तितकं पाणी तापवतात. उलट ४४ अंश म्हणजे हाताला केवळ सुखद ऊब, पण तेवढी उष्णताही एकाच जागी सहाएक तास राहिली तर भाजते. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या मधुमेही आजोबांच्या टाचेला सकाळी फोड दिसतो, तो असा येतो. निरोगी माणूस झोपेतही पाय बाजूला घेतो. बधिर पाय जागचा हलत नाही.

बधिरपणा घरच्या घरी तपासता येतो. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ही साधी तपासणी रूढ केली. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंदच, न दाबता, न टोचता. स्पर्श कळला की रुग्णाने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक जागी काही कळलं नाही, तर त्या पायांची संरक्षक संवेदना गेली आहे असं समजा. अशा पायांना गरम पाणी, गरम पिशवी, शेगडी, हीटर, मेण यांतलं काहीही नको. पाय कोमट पाण्याने धुवा, पाण्याचा अंदाज घरातल्या दुसऱ्या माणसाला हाताने घेऊ द्या, आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. क्लिनिकमध्ये शेक देण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टने गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या कातडीला लावून फरक कळतो का हे पाहायचं असतं. हा आमच्या शिक्षणातला पहिल्या वर्गाचा धडा आहे. तुमची ही तपासणी झाली नसेल तर निःसंकोच मागा. थेरपिस्ट चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

बधिर पायांचं हे शहाणपण आपल्याकडे कुष्ठरोगाच्या रुग्णालयांतून आलं. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही, म्हणून जखमेवरच चालणं चालू राहतं आणि त्यात पाय झिजतो. मुंबईत वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून आहे. मऊ तळाच्या एमसीआर चपला आज मधुमेहींना दिल्या जातात, त्याही मुळात कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरात आल्या. तेव्हा या चपला लिहून दिल्या तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

तळपायाच्या जखमेला सर्वांत मोठा उपचार म्हणजे तिच्यावरचा भार काढणं. त्यासाठी पायाला अंगासरशी बसणारं विशेष प्लास्टर घालतात. भार सगळ्या तळव्यावर आणि पिंढरीवर वाटला जातो आणि जखमेला विश्रांती मिळते. याचा खरा गुण असा की रुग्णाला ते काढता येत नाही. काढता येणारे बूट लोक काढूनच ठेवतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत रुग्णांनी दिवसभरातल्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं तो बूट घालून टाकली होती. आपल्याकडे तर उंबरठ्याशी चपला काढायची रीत. बाहेर जाताना विशेष पादत्राण आणि घरात पलंगापासून ओट्यापर्यंत, देवघरापर्यंत, बाथरूमपर्यंत सगळं अनवाणी! दिवसातली निम्मी पावलं तिथेच पडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे: घरात वापरायला तसाच दुसरा जोड घ्या, तो रस्त्यावर नेऊ नका आणि देवासमोरही घालून बसा. उपनगरांतून शिर्डीला पायी पालख्या जातात, अंगारकीला रात्रभर चालत लोक सिद्धिविनायकाला येतात. संवेदना गेलेल्या पायांनी हे अनवाणी करू नये. उन्हात तापलेलं डांबर श्रद्धा पाहत नाही.

घोट्याच्या आतल्या बाजूला, काळपट पडलेल्या कातडीत होणारी जखम वेगळी. दुकानात, बेकरीत, सलूनमध्ये, सिग्नलवर तासन्‌तास उभं राहणाऱ्यांच्या पायांतल्या नसा फुगतात, झडपा निकामी होतात, रक्त खाली साचतं आणि कातडी फुटते. इथे उपचार दाबाचा. अनेक थरांची पट्टी बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत अशी बांधतात की घोट्याशी साधारण पाऱ्याचे ४० मिलिमीटर दाब राहावा आणि वर जाताना तो कमी होत जावा. या जखमेसाठी इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याही भौतिक साधनामागे नाही. ब्रिटनमध्ये चिवट जखमांच्या ३३७ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दर आठवड्याला अल्ट्रासाउंड देऊन पाहिलं. जखमा त्यामुळे लवकर भरल्या नाहीत. तरीही अल्ट्रासाउंड लावून घ्यायला माणसं रांगेत बसतात आणि पट्टी मात्र "उकडतं" म्हणून सोडून ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत पट्टी त्रासाची आहे हे मान्य, पण जखम भरते ती पट्टीने.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. पायाच्या रोहिण्याच तुंबल्या असतील तर हीच घट्ट पट्टी पाय घालवू शकते. म्हणून बांधण्यापूर्वी डॉपलर हे रक्तप्रवाह तपासणारं यंत्र लावून घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी आलं तर पूर्ण दाबाची पट्टी नको, आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना भेटायचं. मधुमेहींच्या कडक झालेल्या रोहिण्यांमध्ये हा आकडा फसवा निघू शकतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत निर्णय डॉक्टरांवरच सोडा. मेडिकलमधून इलास्टिकची पट्टी आणून घरी आवळून बांधणं हा त्याला पर्याय नाही.

विजेचं काय? कातडी फुटली की जखमेच्या कडांशी अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे एकोणिसाव्या शतकातच जर्मन शास्त्रज्ञांनी मोजलं होतं. पेशी त्याच्या रोखाने सरकतात. बाहेरून नियंत्रित, स्पंदित प्रवाह देऊन या हालचालीला मदत करता येते, आणि हट्टी शय्याव्रणांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या उपचाराची शिफारस करतात. कंबरदुखीला लावतात ते मशीन तसंच जखमेभोवती चिकटवलं, तर त्याला हा उपचार म्हणता येणार नाही. प्रवाहाचा प्रकार, इलेक्ट्रोडची जागा, निर्जंतुक ड्रेसिंग, सगळं वेगळं असतं. पेसमेकर असेल, जखमेत कर्करोगाची शंका असेल, हाडापर्यंत संसर्ग पोहोचला असेल तर वीज नको. शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या बाबतीत तर अधिक सावध राहा. ओल्या ड्रेसिंगमध्ये आणि शरीरातल्या धातूच्या पट्टीपाशी तिची उष्णता एकवटते आणि आतून भाजतं. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर न विचारताच सांगून टाका.

मोठ्या, खोल जखमांसाठी आजकाल व्हॅक लावतात. जखमेत स्पंज भरायचा, वरून पारदर्शक पडदा हवाबंद चिकटवायचा आणि नळीने साधारण १२५ मिलिमीटर इतका उणा दाब द्यायचा. अमेरिकेतल्या अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी १९९७ साली ही पद्धत मांडल्यावर ती जगभर पसरली. स्राव ओढला जातो, कडा जवळ येतात, लाल दाणेदार मांस लवकर उगवतं. स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. सडलेलं मांस आधी काढलेलं असलं पाहिजे. नळीत ताजं लाल रक्त येऊ लागलं तर मशीन बंद करून तत्काळ रुग्णालय गाठा. लेझर आणि प्राणवायूच्या दाबकक्षाबद्दल थोडक्यात सांगतो: काही निवडक जखमांना त्यांचा उपयोग होऊ शकतो, पुरावा संमिश्र आहे, खर्च मोठा आहे. भार काढणं, रक्तपुरवठा, साखर, संसर्ग ही कामं बाकी असताना तिकडे पैसे घालू नका.

दोन जुन्या सवयी आता सोडायला हव्यात. एक म्हणजे लाल दिव्याखाली जखम वाळवणं. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की ओलावा राखून झाकलेली जखम उघड्या, वाळलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. खपली आली म्हणजे जखम बरी झाली हा आपला समज मोठ्या जखमांना लागू नाही. दुसरी सवय फिरत्या पाण्याच्या टाकीत जखम बुडवण्याची. एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात, पाण्याच्या जोराने कोवळ्या पेशी सुटतात. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २०१४ साली टाळावयाच्या पाच गोष्टींची यादी काढली, तिच्यात ही टाकी होती. त्याच यादीत आणखी एक गोष्ट होती. शेक आणि मशीन ही रुग्णाला व्यायामाकडे नेत असतील तरच वापरा, नुसती लावून सोडू नका. मला विचाराल तर हे वाक्य उपनगरातल्या प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर असायला हवं.

आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी. वन बीएचकेमध्ये पलंग भिंतीला टेकलेला, मुलगा-सून कामावर, दिवसा ब्युरोची मावशी. कंबरेखालचं माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड या जागा सतत दबून तिथे आधी लालसर डाग येतो. डाग बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा झाला नाही तर शय्याव्रण सुरू झालं आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब, सूज आणि कडकपणा हाताने तपासावा लागतो. त्या डागाला मालिश करू नका, स्पिरिट चोळू नका, गोल ट्यूबवर बसवू नका, कारण ट्यूबच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन तीसेक अंश कलतं ठेवा, आणि पिंढरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. वर सरकवताना ओढू नका, चादरीने दोघांनी उचला. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असं दुकानदार सांगत असला तरी ते खरं नाही. पलंग भिंतीपासून हातभर पुढे घ्या, म्हणजे मावशींना दोन्ही बाजूंनी हात लावता येईल. आणि मावशींना एक वही द्या, कितीला कोणती कूस दिली ते त्यात लिहायला सांगा.

पावसाळा हा आपल्या उपनगरांचा वेगळा अध्याय. अंधेरीचा सबवे भरतो, रुळांवर पाणी येतं, लोक गुडघाभर पाण्यातून घर गाठतात. त्या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या बारीकशा चिरेतूनही लेप्टोस्पायरोसिसचा जंतू आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची मोठी साथ पाहिली आहे. जखम असेल तर शक्यतो पाण्यात उतरूच नका. उतरावं लागलंच तर घरी पोहोचताच साबणाने स्वच्छ धुवा, भिजलेलं ड्रेसिंग लगेच बदला आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. पालिकेच्या दवाखान्यांत त्या मिळतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, तेव्हा शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. ओलं ड्रेसिंग तसंच ठेवून "उद्या बघू" म्हणणं पावसाळ्यात सर्वांत महाग पडतं.

जखम बंद झाली की बरेच जण उपचार सोडतात. माझ्या मते भौतिक साधनांचं खरं काम तिथून सुरू होतं. नवी कातडी पहिल्या तीन आठवड्यांत मूळ ताकदीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. वर्षभर ती घट्ट होत राहते, तरी पूर्वीच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपुढे जात नाही. या काळात व्रण आकसतो आणि सांधा आखडतो. मरोळ, साकीनाका, भांडुपच्या कारखान्यांत प्रेसमध्ये बोटं सापडलेल्या कामगाराचा हात टाके निघाल्यावर "बरा" दिसतो, पण मूठ वळत नाही. टाके पूर्ण निघून कातडी बंद झाली आणि संवेदना शाबूत असली, तरच साधारण ५२ ते ५४ अंशांच्या मेणात हात बुडवून गुंडाळून ठेवतात. ऊब मुरली की लगेच बोटं हलवायची. तो शेक पुढच्या अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी असतो. शेक घेऊन उठून घरी गेलात तर मेण वाया गेलं. रात्री स्प्लिंट, दिवसा व्रणावर तेलाचा हलका दाब देऊन मालिश, उन्हापासून जपणूक, आणि भाजलेल्या व्रणावर मापाचा दाबवस्त्राचा मोजा, हे महिनोन्‌महिने चालतं.

हाताला पुन्हा कामाला लावण्याचं हे शास्त्र शिकवणारी भारतातली पहिली शाळा मुंबईतच निघाली. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५५ पासून हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिकोपचार आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पश्चिम उपनगरांत कूपर आणि पूर्वेच्या लोकांना शीवचं पालिका रुग्णालय जवळ पडतं. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो. पण शल्यविशारद, मधुमेहतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एकाच आवारात भेटतात, आणि जखमेच्या रुग्णाला याचा फायदा कुठल्याही मशीनपेक्षा मोठा आहे. खासगी क्लिनिकमध्ये गेलात तर थेरपिस्टचा महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मशीनचं बटण दाबून दुसऱ्या खोलीत निघून जाणारा मदतनीस आणि नोंदणीकृत थेरपिस्ट यांत फरक आहे.

उपचार कुठेही घ्या, नोंद तुमच्याकडे ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जखमेशेजारी मोजपट्टी धरून त्याच उजेडात फोटो काढा आणि लांबी-रुंदी लिहा. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत क्षेत्रफळाने निम्म्यावर आली नाही, तर चालू उपचारांत काहीतरी सुटतंय असं समजा आणि सगळे फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. भोवतालची लाली पसरू लागली, दुर्गंधी आली, बोट काळं पडलं, ताप आला, किंवा कधीच न दुखणारा बधिर पाय अचानक सुजून गरम झाला, तर तिथे ना शेक ना करंट. पाय टेकू देऊ नका, रिक्षा बोलवा आणि रात्रीचे दोन वाजले असतील तरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.